शब्द बरोबर, वाक्य चुकलेले : सारख्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतील गोंधळाचे निवारण

गेली सोळा वर्षे मी पुण्यात इंग्रजी मसुदे तपासण्याचे काम करतो. तपासणी अहवाल, निविदांसोबतची पत्रे, परदेशी विद्यापीठांसाठीचे अर्ज, गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते असे मराठी माणसांनी इंग्रजीत लिहिलेले बरेच काही माझ्या टेबलावरून जाते. त्यांत व्याकरणाच्या चुका असतात, परंतु त्या आता संगणकही दाखवतो. संगणकाच्या नजरेतून निसटणारी आणि दर आठवड्याला नव्याने समोर येणारी चूक वेगळीच आहे. दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ जवळपास एकच असतो आणि लिहिणाऱ्याने नेमका त्यांतला नको तो उचललेला असतो. ही चूक इतक्या वेळा हाताखालून गेली की तपासणीचा एक क्रम आपोआपच ठरत गेला. सर्वांत सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून सर्वांत अवघड तपासणीपर्यंत तो क्रम येथे मांडत आहे.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे पडद्यावर एकही लाल रेघ नसते, वाक्य व्याकरणशुद्ध असते, आणि तरीही वाचणारा उलट टपाली विचारतो की तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे. दुसरे लक्षण असे की आपण विचारलेले एक असते आणि उत्तर भलत्याच गोष्टीचे येते. कधी एकाच अहवालात एकाच वस्तूला पहिल्या पानावर ‘फॉल्ट’, तिसऱ्यावर ‘डिफेक्ट’ आणि सातव्यावर ‘फेल्युअर’ म्हटलेले असते, आणि त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. कधी लिहिणाऱ्याने शब्दकोश उघडलेला असतो, दोन्ही शब्दांपुढे एकच मराठी अर्थ पाहिलेला असतो आणि मग कानाला बरा वाटला तो शब्द ठेवून दिलेला असतो.

सर्वांत फसवे लक्षण मात्र शेवटचे आहे. चुकलेले वाक्य मनात पुन्हा मराठीत आणले की ते अगदी बरोबर वाटते. यात नवल काहीच नाही, कारण जे दोन इंग्रजी शब्द वेगळे ठेवायचे होते ते परत येताना एकाच मराठी शब्दात शिरतात. म्हणून ‘मी मराठीत करून पाहिले, बरोबर आहे’ हे कारण मी पुरावा म्हणून स्वीकारत नाही.

एक प्रकरण जवळून पाहू. एका कारखान्याच्या गोदामातून माल गेला होता आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मराठी टिपणात वाक्य होते : ‘कुलूप आतून उघडले गेले असावे असा आम्हाला संशय आहे.’ इंग्रजी अहवालात ते ‘वुई डाउट दॅट द लॉक वॉज ओपन्ड फ्रॉम इनसाइड’ असे उतरले. परदेशातील मुख्य कार्यालयाने ते वाचले आणि कुलूप आतून उघडलेले नाही असा निष्कर्ष काढून बाहेरच्या लोकांची चौकशी सुरू केली. यात वाचणाऱ्यांची काही चूक नव्हती. ‘आय सस्पेक्ट’ म्हणजे तसे घडले असावे असे मला वाटते, आणि ‘आय डाउट’ म्हणजे तसे घडले असावे असे मला वाटत नाही. मराठीतला ‘संशय’ दोन्हीकडे चालतो, इंग्रजीतले हे दोन शब्द मात्र नेमक्या उलट दिशांना तोंड करून उभे असतात. गंमत अशी की सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रजीत ‘डाउट’ हा शब्द काहीतरी घडले असल्याची शंका किंवा भीती वाटणे या अर्थानेही वापरला जात असे. तेव्हा हा अधिकारी चुकला असे म्हणण्यापेक्षा चारशे वर्षे उशिरा आला असे म्हणावे लागेल.

बिघाड नेमका कोठे असतो

अनुभवाने माझे असे मत झाले आहे की हा बिघाड बहुतेक वेळा इंग्रजीत नसतोच. तो ज्या मराठी शब्दावरून आपण निघालो त्या शब्दात असतो. एक मराठी शब्द चार कामे करत असतो, आपल्याला ती चार कामे एकच वाटतात, आणि इंग्रजीत त्या चार कामांना चार वेगळी माणसे नेमलेली असतात. द्विभाषिक शब्दकोश ही चारही नावे एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन छापतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला तेव्हापासून आपण त्या ओळी वाचत आहोत आणि त्या स्वल्पविरामाचा अर्थ बरोबरीचे चिन्ह असा लावत आहोत. प्रत्यक्षात तो स्वल्पविराम ‘प्रसंगानुसार यांपैकी एक’ एवढेच सांगत असतो.

पुढे जाण्यापूर्वी एक वेगळा रोग बाजूला काढून ठेवावा. ‘प्रिन्सिपल’ या उच्चाराचे दोन शब्द, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, ‘स्टेशनरी’ची दोन स्पेलिंगे हा अर्थाचा गोंधळ नसून अक्षरांचा आहे. तो पाठांतराने जातो आणि त्यावर पुढील तपासण्या करण्यात वेळ घालवू नये.

पहिली तपासणी : दुसरा शब्द लागतो तरी का?

या तपासणीला पैसा लागत नाही आणि कोशही लागत नाही. शाळेत आपल्याला शिकवलेले असते की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणे हे शब्दसंपत्ती तोकडी असल्याचे लक्षण आहे, आणि ती भीती पन्नाशीच्या अभियंत्यांच्या अहवालातही दिसते. पहिल्या ओळीत ‘क्रॅक’ लिहिले म्हणून दुसऱ्या ओळीत ‘फिशर’, तिसऱ्या ओळीत ‘स्प्लिट’. वाचणारा मात्र शब्द बदलला म्हणजे वस्तू बदलली असे समजतो, आणि कामकाजाच्या लेखनात तसे समजणेच योग्य असते.

म्हणून प्रथम मसुद्यातून प्रत्येक वस्तूला दिलेली नावे शोधावीत आणि एका वस्तूला एकच नाव ठेवावे. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांतील कितीतरी गोंधळ येथेच मिटतात, कारण ज्या दोन शब्दांतील फरक शोधण्यासाठी माणूस तासभर कोश चाळत होता त्यांतल्या एका शब्दाची त्याला गरजच नव्हती. टंकलेखनाच्या प्रणालीत शब्दावर उजवी कळ दाबली की समानार्थी शब्दांची यादी उघडते. या कामात तिला हात लावू नये. रॉजेने १८५२ साली प्रसिद्ध केलेला ‘थिसॉरस’ हा समानार्थी शब्दांचा संग्रह असो किंवा ही यादी असो, ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही त्याच्यासाठी ती उपयोगी असते. दोन शब्दांतील फरक ती सांगत नाही.

दुसरी तपासणी : मराठी शब्द फोडून पाहा

इंग्रजी शब्दांकडे पाहण्याआधी मराठी शब्द बाजूला ठेवून तीच गोष्ट दुसऱ्या मराठी शब्दांत सांगून पाहावी. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि सर्वाधिक फळ हिलाच येते, म्हणून मी तिच्यावर थोडा रेंगाळणार आहे.

‘किंमत’ घ्या. ‘या पंपाची किंमत’ म्हणताना तुम्हाला विकणाऱ्याचा भाव म्हणायचा आहे, पडलेला खर्च म्हणायचा आहे, की त्या पंपाचे मोल? भाव असेल तर ‘प्राइस’, खर्च असेल तर ‘कॉस्ट’, मोल असेल तर ‘व्हॅल्यू’. मराठीत भाव, खर्च आणि मोल हे तीनही शब्द आपल्याजवळ होते, फक्त ‘किंमत’ या ऐसपैस शब्दाने त्यांना झाकून टाकले होते. जुन्या यंत्राचा ‘कॉस्ट’ आणि ‘व्हॅल्यू’ यांची अदलाबदल झाली की ताळेबंद तपासणारा माणूस लगेच फोन करतो, कारण दहा वर्षांपूर्वी मोजलेले पैसे आणि आज त्या यंत्राचे असलेले मोल हे दोन आकडे कधीच सारखे नसतात.

‘दुरुस्ती’ हा शब्द तर गृहनिर्माण संस्थांच्या इतिवृत्तांत धुमाकूळ घालतो. नळाची दुरुस्ती, मागील इतिवृत्तातील चुकीची दुरुस्ती आणि उपविधींची दुरुस्ती या तीन गोष्टी एकाच सभेत, एकाच पानावर येतात आणि इंग्रजीत त्यांना अनुक्रमे ‘रिपेअर’, ‘करेक्शन’ आणि ‘अमेंडमेंट’ म्हणावे लागते. ‘द बायलॉज वेअर रिपेअर्ड’ असे वाक्य मी एकदा नव्हे, तीनदा वाचले आहे. मोडलेले पूर्ववत करणे, चुकलेले बरोबर करणे आणि मुळात चुकलेले नसताना ठरवून बदलणे असे फोडून पाहिले की तिघांची गल्लत होत नाही.

कधी कधी मराठीतच फरक तयार असतो आणि आपण तो वापरत नाही. ‘ऐकणे’ म्हणजे ‘हिअर’ की ‘लिसन’ असा प्रश्न पडला तर ‘ऐकू येणे’ आठवावे. ‘मला ऐकू येते’ येथे ‘हिअर’, ‘मी ऐकतो आहे’ येथे ‘लिसन’. ‘दिसणे’ आणि ‘बघणे’ यांचेही तसेच आहे. पहिल्याला ‘सी’, दुसऱ्याला ‘लुक’, आणि क्रिकेटचा सामना बघायचा असेल तर ‘वॉच’. ‘सावली’च्या बाबतीत मात्र असा तयार जोडशब्द चटकन सापडत नाही, म्हणून वाक्यच करावे लागते : उन्हातून बाजूला होऊन बसण्याची जागा असेल तर ‘शेड’, जमिनीवर पडलेली माझी आकृती असेल तर ‘शॅडो’.

या तपासणीत उत्तर मिळाले नाही तर एक गोष्ट तरी निश्चित कळते, ती ही की आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे अजून आपणच ठरवलेले नाही. तसे असेल तर पुढच्या तपासण्या करू नयेत. मूळ माहिती देणाऱ्या माणसाकडे परत जावे.

तिसरी तपासणी : विरुद्धार्थी शब्द लावून पाहा

दोन शब्दांचा अर्थ सारखा वाटत असेल तर त्यांचे विरुद्ध अर्थ विचारावेत. ‘नाकारणे’ या शब्दासाठी ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ हे दोन्ही समोर येतात. कंत्राटदाराने काहीतरी नाकारले. त्याने न नाकारता काय केले असते? ‘कबूल केले असते’ असे उत्तर आले तर ‘डिनाय’, कारण त्याच्या विरुद्ध ‘अॅडमिट’ आहे. ‘तयार झाला असता’ असे उत्तर आले तर ‘रिफ्यूज’, कारण त्याच्या विरुद्ध ‘अॅग्री’ आहे. येथेही मराठी वर्तमानपत्रांची भाषा आपल्या मदतीला येते. आरोपाचा इन्कार करतात आणि जाण्यास नकार देतात. जेथे ‘इन्कार’ बसतो तेथे ‘डिनाय’ आणि जेथे ‘नकार’ बसतो तेथे ‘रिफ्यूज’ हा आडाखा मला क्वचितच दगा देतो. ‘परमिशन वॉज डिनाइड’ हा प्रयोग त्याला अपवाद वाटेल, परंतु तो बरोबर आहे. एखाद्याला एखादी गोष्ट मिळू न देणे हाही ‘डिनाय’चा अर्थ आहे. चुकीचे आहे ते ‘ही डिनाइड टु साइन’. त्याने सही करण्यास नकार दिला, म्हणून ‘ही रिफ्यूज्ड टु साइन’.

ज्या शब्दांना विरुद्धार्थी शब्दच नाही तेथे ही तपासणी निरुपयोगी ठरते. तेथे रेंगाळू नये.

चौथी तपासणी : शब्दाच्या पुढे काय येते?

अर्थाने न सुटणारी गाठ पुष्कळदा रचनेने सुटते. चोर प्रवाशाला लुटतो आणि पाकीट चोरतो. तो पाकिटाला लुटत नाही आणि प्रवाशाला चोरत नाही. इंग्रजीत ‘रॉब’च्या पुढे माणूस किंवा जागा येते आणि ‘स्टील’च्या पुढे वस्तू येते, म्हणजे जवळजवळ आपल्यासारखीच व्यवस्था आहे. तरीही ‘समवन रॉब्ड माय बॅग’ असे लिहिले जाते, कारण लिहिणारा अर्थ पाहतो आणि शेजारचा शब्द पाहत नाही. ‘टेल’ला ऐकणारा माणूस लगेच पुढे हवा असतो, ‘से’ला नको असतो, म्हणून ‘ही सेड मी’ चुकते. ‘बॉरो’ला कोणाकडून ते सांगावे लागते, ‘लेंड’ला कोणाला ते सांगावे लागते.

‘टाळणे’ या शब्दाने एका सोसायटीच्या पत्रात रखवालदाराची नाचक्की केली होती. त्याने वेळीच मुख्य कळ बंद केली म्हणून आग लागली नाही, एवढेच कौतुकाने सांगायचे होते. पत्रात होते, ‘द वॉचमन अव्हॉइडेड द फायर’. इंग्रजीत याचा अर्थ रखवालदार आगीपासून लांब राहिला. जेथे स्वतः दूर राहायचे तेथे ‘अव्हॉइड’, जेथे ती गोष्ट घडूच द्यायची नाही तेथे ‘प्रिव्हेंट’.

या तपासणीसाठी मात्र कोश लागतो, आणि तो द्विभाषिक नव्हे तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला एकभाषिक कोश लागतो. या प्रकारच्या कोशाची वाट हॉर्नबी या जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाने घालून दिली. त्याचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो काढला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना अर्थाइतकीच क्रियापदानंतर येणाऱ्या रचनेची माहिती हवी असते हे त्याने वर्गात पाहिले होते, म्हणून रचनांचे नमुने त्याने कोशातच दिले. आज ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश महाजालावर विनामूल्य पाहता येतात. त्यांतील अर्थ वाचून थांबू नये. खालची उदाहरणवाक्ये वाचावीत, कारण खरा फरक तेथेच दिसतो.

पाचवी तपासणी : शब्दाची सोबत

येथपर्यंतच्या तपासण्यांमागे काही ना काही तर्क होता. या तपासणीत तर्क चालत नाही, आणि हुशार माणसांना हीच सर्वांत जड जाते.

आपल्याकडे पाहा. राज्य शासनात जलसंपदा विभाग आहे आणि पाणीपुरवठा विभागही आहे. आपण पाणीपट्टी भरतो, जलपट्टी भरत नाही. जलसंधारण करतो, पाणीसंधारण करत नाही. आणि तहान लागली की जल मागत नाही. पाणी आणि जल यांच्या अर्थात काय फरक आहे असे कोणी विचारले तर सांगता येणार नाही, परंतु कोणता शब्द कोणाशेजारी बसतो हे दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. इंग्रजीतही तसेच आहे, फक्त तेथे आपण ते दहा वर्षांचे मूल नसतो.

‘कडक’ हा शब्द या तपासणीसाठी उत्तम आहे. चहा कडक असतो तेव्हा तो ‘स्ट्राँग’ असतो. शिस्त कडक असेल तर ‘स्ट्रिक्ट’, बंदोबस्त कडक असेल तर ‘टाइट’, थंडी कडक असेल तर ‘सिव्हिअर’ किंवा ‘बिटर’, आणि भाकरी वाळून कडक झाली असेल तर ‘हार्ड’. ‘स्ट्रिक्ट टी’ कोणी लिहीत नाही, परंतु ‘स्ट्राँग सिक्युरिटी’ आणि ‘हार्ड कोल्ड’ मला नेहमी भेटतात. ‘मोठा’चेही असेच आहे : संख्या ‘लार्ज’, काळजी ‘ग्रेट’, चूक ‘बिग’, आवाज ‘लाउड’, भाऊ ‘एल्डर’. ‘करणे’च्या वाट्याला ‘डू’ आणि ‘मेक’ हे दोन येतात; गृहपाठ ‘डू’ होतो आणि चूक ‘मेक’ होते, आणि त्यामागचा नियम विचारू नये.

शब्द त्याच्या सोबतीवरून ओळखावा, हे फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडले. पुढे १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातील प्रकल्पातून ‘कोबिल्ड’ हा कोश आला. त्यात प्रत्यक्ष वापरातील मजकुराचा मोठा साठा संगणकावर घेऊन त्यावरून अर्थ लिहिले होते, आणि तेही पूर्ण वाक्यांत, म्हणजे शब्द त्याच्या सोबतीसह दिसावा. आज असे साठे कोणालाही तपासता येतात. ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ दहा कोटी शब्दांचा आहे. दोन शब्दांची जोडी त्यात घालून पाहावी. एक जोडी शेकड्यांनी आणि दुसरी दोन-तीनदाच सापडली तर उत्तर मिळाले. साध्या शोधयंत्रात जोडी अवतरणचिन्हांत घालूनही अंदाज येतो, मात्र तेथे आपल्यासारख्यांनीच केलेल्या चुकाही मोजल्या जातात, म्हणून त्या आकड्यावर मी पूर्ण विसंबत नाही.

सहावी तपासणी : शब्दाचा पोशाख

मराठीत माणूस मेला, वारला, त्याचे निधन झाले, त्याला देवाज्ञा झाली. घटना एकच, पण शोकपत्रात ‘मेला’ लिहिणाऱ्याला आणि उंदराचे ‘निधन झाले’ म्हणणाऱ्याला आपण सारखेच हसू. इंग्रजीत हा थर बराचसा इतिहासाने आणला. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घकाळ दरबार व न्यायालय यांत फ्रेंच चालली. त्यामुळे ‘बिगिन’, ‘आस्क’, ‘बाय’, ‘हेल्प’ हे घरचे शब्द राहिले आणि ‘कमेन्स’, ‘इन्क्वायर’, ‘पर्चेस’, ‘एड’ हे कचेरीचे शब्द झाले. आपल्या घरपट्टीशेजारी गृहमंत्री बसतात तसेच हे आहे.

आपल्याकडील लेखकांचा कल कचेरीच्या शब्दांकडे असतो, कारण ते अधिक औपचारिक म्हणजे अधिक शुद्ध असा समज आहे. माझे मत उलट आहे. कायद्याच्या पहिल्या कलमात ‘कमेन्समेंट’ शोभते. सभा सहा वाजता ‘बिगिन’ झाली तर बिघडत नाही. शंका असेल तेव्हा मी साधाच शब्द ठेवतो. चुकला तरी तो हास्यास्पद होत नाही.

येथे वाचणारा कोण हेही पाहावे लागते. ‘सर, एक डाउट आहे’ म्हणजे प्रश्न आहे, हे नाशिकच्या वर्गात आणि बंगळूरच्या कार्यालयातही समजते. रुग्ण ‘एक्स्पायर’ झाला असे आपल्याकडील रुग्णालयांत सर्रास म्हणतात. ‘आय विल रिव्हर्ट’ म्हणजे मी उत्तर पाठवीन, हेही भारतात कोणाला खटकत नाही. पत्र भारतातच राहणार असेल तर मी या शब्दांना हात लावत नाही. पत्र लंडनला किंवा टोरांटोला जाणार असेल तर मात्र बदलतो, कारण तेथे ‘एक्स्पायर’ प्रामुख्याने औषधे आणि व्हिसा होतात, आणि ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणे.

सातवी तपासणी : त्या शास्त्रात या शब्दाची व्याख्या आहे का?

काही जोड्या बोलण्यात अदलाबदलीने चालतात, परंतु एखाद्या शास्त्राने त्यांच्यामध्ये कुंपण घातलेले असते. वाण्याच्या काट्यावर एक किलोचे वजन पाच वेळा ठेवले आणि पाचही वेळा काटा सव्वा किलो दाखवू लागला, तर तो काटा ‘प्रिसाइज’ आहे पण ‘अॅक्युरेट’ नाही. मराठीत दोन्हीला आपण ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो. वैद्यकात रुग्ण स्वतः सांगतो ती मळमळ ‘सिम्प्टम’ आणि डॉक्टरला तपासताना दिसते ती सूज ‘साइन’. आपल्याकडे दोन्ही ‘लक्षणे’. एका वेळी घ्यायची मात्रा ‘डोस’, आणि किती, किती वेळा, किती दिवस हे सगळे मिळून ‘डोसेज’.

भौतिकशास्त्रात मात्र आपली पाठ्यपुस्तके वाखाणण्याजोगी आहेत. चाल आणि वेग, वस्तुमान आणि वजन, उष्णता आणि तापमान अशा जोड्या तेथे काटेकोर ठेवलेल्या आहेत. विषय त्यांपैकी असेल तर शाळेचे विज्ञानाचे पुस्तक उघडावे, काम पाच मिनिटांत होते.

गाठ सुटलीच नाही तर

सातही तपासण्या करून दोन्ही शब्द बोचत राहिले तर दोन्ही टाकून द्यावेत आणि वाक्य नव्याने लिहावे. गोदामाच्या त्या अहवालात मी अखेर ‘सस्पेक्ट’ही ठेवला नाही. अधिकाऱ्याला विचारले की तुम्ही प्रत्यक्ष पाहिले काय, आणि त्यांनी सांगितले तसे लिहिले : बाहेरच्या बाजूचे सील शाबूत होते आणि कोयंड्यावर आतल्या बाजूने ताजे ओरखडे होते. या दोन वाक्यांनंतर मुख्य कार्यालयाकडून एकही प्रश्न आला नाही.

कोठे थांबावे

करार, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, फिर्याद, विमा दावा, औषधांच्या सूचना आणि शस्त्रक्रियेचे संमतिपत्र यांत वरील तपासण्या करून स्वतः शब्द बदलू नये. येथे फरक भाषेचा राहत नाही, परिणामाचा होतो.

वर्तमानपत्रात दोघांनी पेढी लुटली तरी ‘दरोडा’ छापून येतो आणि भाषांतर करणारा सहज ‘डकॉइटी’ लिहून मोकळा होतो. कायद्यात मात्र ‘डकॉइटी’साठी पाच किंवा अधिक माणसे लागतात. १८६० च्या दंड संहितेत ते तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. पाचांपेक्षा कमी माणसांनी बळाने केलेली चोरी ही ‘रॉबरी’, पोलिसांच्या मराठीत जबरी चोरी. बळ किंवा धाक नसेल तर नुसती ‘थेफ्ट’.

घर भाड्याने देण्याचेही तसेच आहे. मराठीत ‘लीज’ आणि ‘लायसन्स’ या दोन्हीला भाडेच म्हणतात, परंतु ‘लीज’मध्ये मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क हस्तांतरित होतो, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. ‘लायसन्स’मध्ये केवळ वापरण्याची परवानगी मिळते, असे त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात आहे. महाराष्ट्रात घरोघरी केला जातो तो ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार या दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी करून नोंदवावा लागतो. ‘लायसन्सी’ऐवजी ‘टेनंट’ हा शब्द चांगला वाटला म्हणून मसुद्यात बदलणारे गृहस्थ मला भेटले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तर १९५९ मध्येच स्पष्ट केले आहे की कागदाला कोणते नाव दिले यापेक्षा त्यातून पक्षांचा हेतू काय दिसतो हे महत्त्वाचे आहे. म्हणजे येथे योग्य शब्द निवडूनही काम संपत नाही, आणि हा निर्णय मसुदा तपासणाऱ्याने करायचा नसतो, वकिलाने करायचा असतो. औषधांच्या बाबतीत तोच अधिकार डॉक्टरचा किंवा औषधनिर्मात्याचा.

त्यांच्याकडे जाताना मूळ मराठी मजकूर आणि इंग्रजी मसुदा हे दोन्ही समोरासमोर ठेवून न्यावेत, आणि ज्या शब्दांबद्दल खात्री नाही त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. ते शब्द आधीच ‘सुधारून’ नेऊ नयेत. सुधारलेल्या शब्दाखाली रेघ नसते, आणि वकिलाची नजर त्यावरून तशीच पुढे जाते.